इंटरव्ह्यू झाले, आता प्रश्न कुठला?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातले 'अं…' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण लोकांशी बोलायचं कसं, यावर बोललो. इंटरव्ह्यू घेताना आपण गप्प कधी बसायचं वगैरे. त्यानंतर जे मेसेज आले त्यातले निम्मे एकाच गोष्टीबद्दल होते. एकाने लिहिलंय, "बोललो लोकांशी. रेकॉर्डिंग आहे, नोट्स आहेत, रूमची भिंत स्टिकी नोट्सनी भरलीय, रूममेट वैतागलाय. आता पुढे काय?"

तर आज तेच. पुढे काय.

ही जागा फसवी आहे. तुमच्या एका हातात लोकांनी सांगितलेलं सगळं असतं, दुसऱ्या हातात कोरा कागद असतो, आणि मधलं अंतर सगळे उडी मारून पार करतात. होतं कसं? रिसर्च संपतो, कोणीतरी ४० स्लाइडचं प्रेझेंटेशन करतं. त्यात लिहिलेलं असतं, 'युजर्सना सोपं आणि फास्ट हवंय.' सगळे माना डोलावतात. आणि सोमवारी टीम तेच बनवायला घेते जे रिसर्चच्या आधी ठरलं होतं. ज्या माणसाने दुकान सांभाळत सांभाळत तुम्हाला तासभर दिला, त्याचं बोलणं फोल्डरमध्ये पडून राहतं. मला याचा राग येतो, खरंच. सोपं आणि फास्ट हवंय हे कळायला त्या माणसाचा तास खायची गरज नव्हती. संथ आणि अवघड कोणाला हवं असतं?

या मधल्या अंतरात जो पूल टाकायचा असतो, तो म्हणजे प्रश्न. चांगला लिहिलेला एक प्रश्न. डिझाइनच्या जगात याला 'हाऊ माइट वी' म्हणतात. वर्कशॉपला गेला असाल तर तुम्ही हे शब्द ऐकले असतील, आणि बहुतेक त्यांचा कंटाळाही आला असेल. पण यामागची गोष्ट साबणाची आहे, ती ऐका.

[०३:२०]

१९७० च्या दशकाची सुरुवात, अमेरिका. कोलगेट पामोलिव्ह कंपनीचा 'आयरिश स्प्रिंग' नावाचा साबण जोरात चाललेला. हिरवे पट्टे असलेली वडी आणि जाहिरातीत ताजेपणाचं वचन. समोर प्रॉक्टर अँड गॅम्बल. त्यांची टीम काय करत होती? हिरव्या पट्ट्यांचे आपले साबण बनवत होती. एक बनवला, लोकांना वापरायला दिला, नाही जमलं. दुसरा बनवला, तोही नाही. असे बरेच झाले. प्रत्येक वेळी प्रश्न तोच: यांच्यापेक्षा चांगला हिरव्या पट्ट्याचा साबण कसा बनवायचा?

तिथे मिन बासादुर नावाचा माणूस होता, टीमला कल्पकतेने विचार करायला शिकवणं हे त्याचं काम. त्याने टीमला मागे ओढलं. लोक त्या साबणाकडे पट्ट्यांसाठी जातायत की ताजंतवानं वाटतं म्हणून? मग प्रश्न बदलला: अंघोळीनंतर आणखी ताजंतवानं वाटेल असा आपला स्वतःचा साबण आपल्याला कसा बनवता येईल? पट्टे गेले. एकदम शेकडो कल्पना आल्या, आणि त्यातून समुद्रकिनाऱ्याच्या ताजेपणावर बेतलेला 'कोस्ट' नावाचा साबण आला. हा प्रश्नाचा साचा नंतर 'आयडिओ' या डिझाइन कंपनीत पोचला, तिथून गूगल, फेसबुक, आणि आता तुमच्या कॉलेजच्या हॅकेथॉनपर्यंत.

यात एक गंमत लक्षात घ्या. टीम आळशी नव्हती, साबण बनवण्यात कच्चीही नव्हती. प्रश्नात उत्तर आधीच बसलेलं होतं, एवढंच. 'हिरवे पट्टे' हे उत्तर आहे. प्रश्नात हिरवे पट्टे लिहिलेत की तुम्ही आयुष्यभर हिरवे पट्टेच काढणार. आजच्या काळातला हिरवा पट्टा म्हणजे 'ॲप'. 'शेतकऱ्यांसाठी ॲप कसं बनवता येईल?' हा डिझाइनचा प्रश्न नाही मंडळी, ही ऑर्डर आहे.

[०६:०५]

आता मराठीकडे येऊ, कारण मला वाटतं या बाबतीत आपली भाषा इंग्रजीपेक्षा जास्त उपयोगी आहे. इंग्रजीतल्या तीन शब्दांचं स्पष्टीकरण सगळे देतात: हाऊ म्हणजे उपाय आहे असं आपण धरून चाललोय, माइट म्हणजे चुकलं तरी चालेल, वी म्हणजे मिळून करू. ठीक.

मराठीत बघा. 'काय करायचं?' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा हरला. 'आता काय करायचं बाबा!' 'कसं करावं?' म्हटलं की सल्ला मागितल्यासारखं. 'कसं करायला हवं?' म्हटलं की कोणीतरी चुकतंय असा वास येतो. आणि 'कसं करता येईल?' यात मात्र दार उघडं राहतं. म्हणून प्रश्न 'येईल' ने संपवा. मीटिंगमध्ये करून बघा, फरक पडतो.

दुसरं म्हणजे 'आपण' आणि 'आम्ही'. इंग्रजीत दोन्हींना 'वी' च. मराठीत निवडावं लागतं, आणि तिथे तुम्ही पकडले जाता. 'आम्हाला त्यांच्यासाठी काय करता येईल?' यात ज्याच्याशी तुम्ही बोललात तो माणूस बाहेर उभा आहे. 'आपल्याला' म्हटलं की तो आत आला. मग लगेच विचारावं लागतं, अरे, तो खरंच आत आहे का? त्याला दाखवणार आहोत का आपण हे?

असो. व्याकरण पुरे. आता एक उदाहरण घेऊन नोट्सपासून प्रश्नापर्यंत चालत जाऊ. हे मी एपिसोडसाठी रचलेलं आहे, पण पुण्यात मेस लावलेल्या कोणालाही ते ओळखीचं वाटेल.

[०८:४०]

समजा सदाशिव पेठेत एक मेस आहे. काकू चालवतात. साठेक मुलं, बरीचशी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. तुम्हाला कॉलेजचा प्रोजेक्ट करायचाय. तुम्ही सहा मुलांशी बोललात. सहाही जण म्हणाले, "रोजचा मेन्यू दाखवणारं एक ॲप बनव ना." झालं? बनवायला घ्यायचं?

थांबा. हे मागणं आहे. मागण्यावर प्रश्न लिहायचा नाही, मागण्याच्या खाली काय आहे ते उकरायचं. नोट्स परत वाचा. आणि वाचताना दोन रकाने ठेवा: लोक काय म्हणाले, आणि लोक काय करतात. दुसरा रकाना जास्त मोलाचा.

दुसऱ्या रकान्यात काय सापडतं बघा. मेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज साडेबाराच्या सुमारास कोणीतरी विचारतं, "आज भाजी काय?" उत्तर येतं, वांगं. त्यानंतर तीन जण गायब. एक मुलगा म्हणतो, "वांगं असलं की मी खाली जाऊन वडापाव खातो, पैसे तर भरलेलेच आहेत." दुसरा म्हणतो, "खाडा सांगून काय उपयोग, सलग तीन दिवस असेल तरच पैसे कापतात." म्हणजे न येणाऱ्याला न सांगण्याचा काही तोटा नाही.

आणि तुम्ही शहाणे असाल तर काकूंशीही बोलला असाल. काकू म्हणतात, "मी सकाळी आठला कणीक मळायला घेते. किती पोरं येणार ते मला माहीत नसतं. उरलं की माझं, कमी पडलं की शिव्या माझ्या."

आता यातून इन्साइट म्हणजे काय? इन्साइट म्हणजे सारांश नाही. 'मुलांना मेन्यू आधी हवा असतो' हा सारांश झाला. इन्साइट तेव्हा होते जेव्हा दोन गोष्टी एकमेकींना टक्कर देतात. इथे टक्कर स्पष्ट आहे: काकूंना आठला ठरवावं लागतं आणि मुलं साडेबाराला ठरवतात. मध्ये साडेचार तास. त्या साडेचार तासांची किंमत काकू भरतात. 'आज भाजी काय?' हा प्रश्न माहितीचा नाहीच आहे, तो 'जाऊ की नको' चा आहे.

हे वाक्य मिळालं ना, की प्रश्न लिहायला घ्या. आणि एक नाही, पाच-सात लिहा. टक्कर कुठे कुठे सैल करता येते ते बघायचं.

पहिला सरळ: साडेबाराला ठरवणाऱ्या मुलाचा अंदाज काकूंना आठच्या आधी कसा मिळवता येईल? दुसरा, मुलाच्या बाजूने: येत नसलो तर सांगावं, असं मुलाला आपणहून वाटेल अशी व्यवस्था कशी करता येईल? तिसरा, एकदम उलटा, आणि मला हा सगळ्यात आवडतो: मुलांनी उशिरा ठरवलं तरी काकूंना ते परवडेल, असा स्वयंपाक कसा आखता येईल?

बघा काय झालं. तिसऱ्या प्रश्नात मुलांना सुधारायची गरजच उरली नाही! कणीक दोन हप्त्यांत मळायची का, एक भाजी पक्की आणि दुसरी ऐनवेळी होणारी, पिठलं, झुणका, अंड्याची भुर्जी असली काहीतरी ठेवायची का, उरलेलं संध्याकाळच्या डब्यात कसं जाईल, असं सगळं बोलणं सुरू होतं. पहिल्या प्रश्नातून आदल्या रात्रीचा व्हॉट्सॲप पोल निघेल, दारात फळा निघेल. दुसऱ्यातून कदाचित असं निघेल की जो वेळेत खाडा सांगेल त्याला रविवारच्या फीस्टला पाहुणा फुकट. यात ॲप आलं का कुठे? येऊही शकतं, माझं भांडण नाही. पण आता ते पाच कल्पनांमधली एक कल्पना म्हणून येईल.

[१३:१०]

प्रश्नाचा आकार बरोबर आहे का, हे कसं कळतं? माझी तपासणी अगदी साधी आहे. प्रश्न लिहिला की दोन मित्रांना द्या आणि पाच मिनिटं गप्प बसा. सगळ्यांनी एकाच प्रकारची उत्तरं लिहिली, म्हणजे सगळ्यांनी वेगवेगळ्या रंगाची बटणंच काढली, तर प्रश्न अरुंद आहे. कोणालाच काही सुचलं नाही, सगळे पंख्याकडे बघतायत, तर प्रश्न फार मोठा आहे. 'विद्यार्थ्यांचं आरोग्य कसं सुधारता येईल?' यावर पंखाच बघणार ना माणूस. आणि उत्तरं वेगवेगळ्या जातीची आली, एक फळ्याचं, एक पैशाचं, एक स्वयंपाकाचं, तर प्रश्न ठेवा.

मोठा प्रश्न लहान करायचा तर 'अडतंय कुठे?' विचारत खाली उतरायचं. लहान प्रश्न मोठा करायचा तर 'कशासाठी?' विचारत वर चढायचं. मेन्यू दाखवायचा, कशासाठी? जायचं की नाही ते ठरवायला. ते कशासाठी? नावडती भाजी टाळायला. एवढ्यावर थांबा. आणखी दोन वेळा 'कशासाठी' विचारलंत तर 'सुखी जीवनासाठी' वर पोचाल, तिथे डिझाइनर काही करू शकत नाही.

आणखी एक फसवणूक सांगते, ही कंपन्यांमध्ये फार चालते. 'युजर ॲपवर जास्त वेळ कसा थांबेल?' साचा बरोबर आहे, शेवटी 'येईल' च्या जवळपासचं काहीतरी आहे, पण हा प्रश्न युजरच्या तोंडून कधीच निघाला नव्हता. कोणत्याही इंटरव्ह्यूत कोणी म्हणालं का, "मला तुमच्या ॲपवर अजून थोडा वेळ घालवायचाय"? कंपनीची गरज असणं गुन्हा नाही, पगार त्यातूनच होतो. पण ती गरज रिसर्चच्या कपड्यात आणू नका. म्हणून माझी एक सवय: प्रत्येक प्रश्नाखाली लहान अक्षरात ज्या बोलण्यातून तो आला ते वाक्य लिहायचं. 'खाडा सांगून काय उपयोग', असं. प्रश्नाखाली लिहायला कोणाचंच वाक्य सापडलं नाही, तर तो प्रश्न तुम्ही घरून आणलाय.

[१६:२५]

आता मेस सोडा, जिथे जीव पणाला लागला होता तिकडे जाऊ. दोन गोष्टी आहेत. एक बरीच प्रसिद्ध आहे, दुसरी आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि डिझाइनच्या वर्गात मी ती फारशी ऐकत नाही.

पहिली. २००७, स्टॅनफर्ड विद्यापीठ. तिथल्या एका कोर्समध्ये विद्यार्थ्यांच्या टीमला काम मिळालं: कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं वाचवायला स्वस्त इनक्युबेटर बनवा. अशा बाळांच्या अंगात चरबी कमी, त्यांना अंग गरम ठेवता येत नाही. थंडीने जीव जातो. इनक्युबेटर महाग, म्हणून स्वस्त करा. सरळ दिसतंय ना? सुटे भाग कमी करा, किंमत पाडा.

टीममधला लिनस लियांग नेपाळला गेला, तिथल्या हॉस्पिटलमध्ये. आणि तिथे त्याला काय दिसलं, तर इनक्युबेटर होते. दान म्हणून आलेले. आणि त्यातले बरेच रिकामे होते. डॉक्टरांना विचारल्यावर कारण कळलं: ज्या बाळांना याची गरज आहे ती दूरच्या गावांत, घरी जन्मतात. इथपर्यंत पोचतच नाहीत.

आता विचार करा, तुम्ही त्या टीममध्ये आहात. तुम्हाला दिलेला प्रश्न आहे स्वस्त इनक्युबेटरचा. तुम्ही तो अगदी उत्तम सोडवलात, तर काय होईल? हॉस्पिटलमध्ये आणखी एक रिकामा इनक्युबेटर, फक्त स्वस्त. टीममध्ये यावर वाद झाला, कारण हॉस्पिटलसाठी डिझाइन करणं कितीतरी सोपं. तिथे वीज आहे, शिकलेली नर्स आहे. शेवटी त्यांनी प्रश्न बदलला. मथळा साधारण असा: दूरच्या गावातल्या आईबापांना आपलं बाळ जगवायची संधी मिळेल, असं ऊब देणारं साधन कसं बनवता येईल?

'इनक्युबेटर' शब्द गेला. 'हॉस्पिटल' गेलं. 'आईबाप' आले. आणि एकेक शब्दाबरोबर अटी बदलल्या: विजेवर सतत अवलंबून नको, आई उचलून घेऊ शकेल असं हवं, धुता यायला हवं. त्यातून 'एम्ब्रेस' आलं, बाळाला गुंडाळायची झोपण्याच्या पिशवीसारखी पिशवी, आणि तिच्यात मेणासारख्या पदार्थाची एक चपटी थैली. तो पदार्थ गरम करून वितळवायचा. तो साधारण ३७ अंशांवर हळूहळू गोठतो, आणि गोठताना काही तास तेच तापमान धरून ठेवतो. याला विज्ञानात फेज चेंज म्हणतात. पाणी गोठताना जसं शून्यावर अडून राहतं, तसंच.

आणि रिसर्च तिथे संपला नाही, हे जास्त महत्त्वाचं. टीम भारतात आली, बंगळुरूत राहिली, गावांमध्ये नमुने दाखवले. थैलीवर तापमानाचा आकडा दिसायचा. बोलताना कळलं की काही ठिकाणी लोक डॉक्टरी औषध कडक समजतात आणि खबरदारी म्हणून अर्धंच देतात. तेच इथे होणार. ३७ सांगितलं तर ३० वर थांबणार, बाळाला फार गरम नको म्हणून. म्हणजे आईच्या मायेनेच बाळ गारठणार! मग प्रश्न: आकडा न दाखवता 'बरोबर आहे' हे कसं सांगता येईल? उत्तर निघालं: ठीक आहे किंवा ठीक नाही, एवढंच दाखवणारी खूण.

बघा, हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा किती छोटा आहे. पण तो आईच्या बोलण्यातून निघालाय, आणि तो सुटला नसता तर पहिल्याचं उत्तर फुकट गेलं असतं.

[२१:५०]

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, 'सर्च' ही संस्था, १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध. लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. न्यूमोनिया ओळखायची एक साधी खूण आहे: श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त. एक्सरे नको, स्टेथोस्कोप नको. फक्त मोजायचं.

आणि तिथेच अडलं. गावात बाळाजवळ पहिली पोचते ती दाई. अनुभवी, विश्वासाची, पण शाळेत न गेलेली. दहा-बारापर्यंत मोजता येतं, ५० पर्यंत नाही. शिवाय घड्याळ बघता येत नाही.

इथे आपल्यापैकी बहुतेकांनी लिहिला असता तो प्रश्न: दाईंना मोजायला कसं शिकवता येईल? वाईट प्रश्न नाही, पण प्रौढ शिक्षणाचा आहे, आणि त्याला वर्षं लागतील. तोवर हिवाळे येत राहणार. बंगांनी 'हाऊ माइट वी' असं काही भिंतीवर लावलं होतं, असं मी म्हणत नाहीये. त्यांनी जे बनवलं त्यावरून मी मागे जाऊन प्रश्न वाचतेय. तो असा दिसतो: जिला बारापर्यंत मोजता येतं तिला, तेवढ्यावरच, ५० झाले हे कसं कळेल?

उत्तर होतं 'ब्रेथ काउंटर'. पाटीवरच्या मण्यांसारखं. एका बाजूला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दुसऱ्या बाजूला मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी लहान बाळासाठी, एक मोठ्यासाठी. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि परत एकपासून सुरू. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. बस. आकडा कुठेच नाही. दाईला जे येतं त्यावर सगळं उभं आहे.

मला यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते हे, की रिसर्चमधली उणीव, 'यांना मोजता येत नाही', त्यांनी अर्धीच धरली नाही. पूर्ण वाक्य धरलं: 'यांना बारापर्यंत मोजता येतं.' आपल्या नोट्समध्ये पहिलं वाक्य असतं, दुसरं लिहायचं राहून जातं. कोणी 'अमुक जमत नाही' म्हणालं की लगेच विचारा, मग जमतं काय? कुठपर्यंत?

गडचिरोलीतच पुढे नवजात बाळांचं काम झालं. तिथेही स्टॅनफर्डच्या मुलांना नेपाळमध्ये दिसलं तेच होतं, बाळं घरी जन्मतात आणि हॉस्पिटलपर्यंत जात नाहीत. फक्त हे त्याच्या दशकभर आधीचं. मग 'बाळ हॉस्पिटलपर्यंत कसं आणता येईल?' याऐवजी 'बाळाच्या घरापर्यंत काळजी कशी नेता येईल?' गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं: बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास अडकला तर मदत, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा. ३९ गावांत हे केलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये निष्कर्ष आले, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची योजना देशभर घेतली, ती याच वाटेवरची.

[२६:३०]

आता तुमचे दोन-तीन प्रश्न घेते, वेळ आहे थोडा.

एक जण विचारतोय, "माझे फक्त पाच इंटरव्ह्यू झालेत. एवढ्यावर प्रश्न लिहायचे का?" लिहा. पण 'पाच पुरतात' हे जे सगळे म्हणतात ना, ते मुळात जेकब नील्सनने २००० साली यूजेबिलिटी टेस्टिंगबद्दल लिहिलेलं. म्हणजे तयार गोष्ट लोक वापरताना कुठे अडखळतात ते शोधायला. लोकांचं आयुष्य समजून घ्यायला पाच पुरतात, असं तो म्हणत नव्हता. तुम्ही पाचांवर प्रश्न लिहा, मग सहाव्या माणसाकडे तो प्रश्न घेऊन जा. तो म्हणाला, "हां, हेच तर अडतं," तर बरोबर. तो म्हणाला, "असं पण असतं का?" तर अजून फिरा.

दुसरी विचारते, "टीमने १८ प्रश्न लिहिले. निवडायचे कसे? मतदान घेतलं तर सिनियरचाच निवडून येतो." होय, येणारच. ठिपके चिकटवायच्या आधी सगळ्यांनी गुपचूप आपले दोन लिहून उलटे ठेवायचे, मग उघडायचे. आणि एक अट घाला: निवडलेल्या दोनांपैकी एक तरी असा हवा जो सोडवायची आत्ता भीती वाटतेय. गावासाठी बनवायचं की हॉस्पिटलसाठी, तिथे सोपा पर्याय हॉस्पिटलचाच होता, आठवतंय ना.

उरलेले १६ फेकू नका. तारीख घालून ठेवा. दोन महिन्यांनी पहिली कल्पना आपटली, तर परत सुरुवातीपासून इंटरव्ह्यू घ्यायला नकोत.

तिसरा प्रश्न जरा टोकाचा आहे, आणि मला आवडला. "काही गोष्टी डिझाइनने सुटतच नाहीत. गावाला रस्ताच नाही, तर 'कसं करता येईल' काय विचारायचं?" खरं आहे. या साच्याची ही मर्यादा आहे. तो सगळ्याला गोड करून टाकतो. एखाद्या माणसाने तुम्हाला अन्याय सांगितला आणि तुम्ही त्याचा 'हाऊ माइट वी' केलात, तर कधीकधी तुम्ही त्याचं गाऱ्हाणं ऐकलंच नाही. अशा नोट्ससाठी मी वेगळा ढीग ठेवते. त्यावर लिहिते: हे आपल्याकडून सुटणारं नाही, हे कोणापर्यंत पोचवायचं? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, कंपनीतलं दुसरं खातं, जे काही असेल ते. तो ढीग प्रेझेंटेशनमध्ये शेवटच्या स्लाइडवर नाही, दुसऱ्या स्लाइडवर ठेवायचा.

चला, फार बोलले. पुढच्या भागात या प्रश्नांवरून कागदाचे, पुठ्ठ्याचे नमुने कसे करायचे ते बघू, कात्री आणि सेलोटेप जवळ ठेवा. आणि तोवर, तुमच्या सध्याच्या प्रोजेक्टचा एक प्रश्न, 'येईल' ने संपणारा, आणि त्याच्याखाली ज्या वाक्यातून तो आला ते वाक्य, असं दोन्ही मला पाठवा. माणसाचं नाव नको, फक्त वाक्य. त्यातले काही पुढच्या वेळी वाचेन. भेटूया!